डोंगळ्यांना मधमाश्या हव्यात, तर बांधावर काय पेरावं?

निफाड तालुक्यातल्या एका कांदा उत्पादक भावाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. ते दोन एकर डोंगळे, म्हणजे बियाण्यासाठीचे कांदे, लावतात. गेली तीन वर्षं गोंडे (कांद्याच्या फुलांचे गुच्छ) फुलतात पण भरत नाहीत, उळं, म्हणजे कांद्याचं बी, निम्म्यावर आलंय. शेताच्या एका अंगाने डांबरी रस्ता जातो. रस्त्याची साइडपट्टी, पलीकडचा चर आणि स्वतःचा बांध असा साधारण चारशे मीटर लांब पट्टा मोकळा आहे, त्यात बांध दीड मीटर रुंद आहे. मधमाश्या याव्यात म्हणून त्यांनी ऑनलाइन 'वाइल्डफ्लॉवर मिक्स'ची पाकिटं मागवली आहेत. त्यात कॉसमॉस, गेलार्डिया, झिनिया, कॉर्नफ्लॉवर, पॉपी असं बी आहे. कधी पेरू, किती पेरू, माश्या खरंच येतील का, आणि आल्या तर कांदा सोडून त्या फुलांवरच बसतील का, हे त्यांना हवंय. शेजारी म्हणतात की बांधावर झाडोरा वाढवला तर कीड वाढेल. त्याचंही उत्तर हवंय.

दादा, मी बावीस वर्षं मधपेट्या सांभाळतोय आणि त्यातली चौदा वर्षं बांधावर, रस्त्याकडेला रानफुलं उभी करतोय. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो: ती पाकिटं या मृगात फोडू नका. आत्ता मे महिना चालू आहे, तुमच्याकडे पेरण्यासारखं रानफुलांचं बी नाही, आणि ते विकत मिळणारही नाही. ते दिवाळीच्या सुमारास तुमच्याच शिवारात तयार होतं. तोवर करण्यासारखं काम भरपूर आहे, आणि माश्यांच्या दृष्टीने ते पेरणीपेक्षा मोठं आहे.

आधी पाकिटाबद्दल. ही कल्पना मुळात युरोपातली, विशेषतः ब्रिटनमधली. तिथे १९३० च्या दशकापासून फुलांची कुरणं जवळजवळ ९७ टक्के नाहीशी झाली, म्हणून लोक रस्त्याकडेला बी पेरू लागले. त्यांची पद्धत त्यांच्या हवेसाठी अगदी योग्य आहे. ते शरद ऋतूत पेरतात, कारण तिथल्या बऱ्याच बियांना हिवाळाभर गारठा लागल्याशिवाय कोंबच फुटत नाही. गवत माजू नये म्हणून ते 'यलो रॅटल' नावाची गवताच्या मुळांवर जगणारी वनस्पती पेरतात. आपल्या रानातलं बी गारठ्याची वाट पाहत नाही. ते उन्हाळाभर तापलेल्या मातीत पडून राहतं आणि पहिल्या पावसाने उठतं. खुळखुळा, उन्हाळी, तरवड या रानरोपांच्या बियांचं कवच इतकं टणक असतं की ते उन्हाने, घासाने किंवा जनावरांच्या पोटातून गेल्याने मऊ पडावं लागतं. त्यामुळे पाकिटावरचं वेळापत्रक आपल्याकडे कामाचं नाही.

कॉर्नफ्लॉवर आणि पॉपी आपल्याकडे रब्बीत, पाणी देऊन, बागेत येतात. पावसाळ्यात बांधावर पेरले तर कुजतात. कॉसमॉस, झिनिया, गेलार्डिया ही मूळची अमेरिका खंडातली फुलं आपल्याकडे हमखास येतात, आणि खरी अडचण तिथेच आहे. सुरुवातीच्या काळात मी एका माळाच्या कडेला असंच तयार मिश्रण पेरलं होतं. पहिल्या वर्षी रंगीबेरंगी दिसलं, लोक फोटो काढायला थांबत. दुसऱ्या वर्षी फक्त नारिंगी कॉसमॉस राहिला. तिसऱ्या वर्षी तो कुंपण ओलांडून शेजारच्या गवताळ माळावर गेला, जिथे आधी खुळखुळा, स्मिथिया आणि तेरडा होता. पुढची चार वर्षं, फूल यायच्या आत, मी तो हाताने उपटत होतो. पुण्याच्या टेकड्यांवर आणि घाटमाथ्याच्या काही रस्त्यांवर नारिंगी कॉसमॉस कसा पसरलाय ते पाहिलंत तर मी हे इतकं कळकळीने का सांगतोय ते लक्षात येईल. गाजर गवत १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं, तेव्हा ते एक किरकोळ रोप होतं. परकं बी मोकळ्यावर टाकताना मला दर वेळी ते आठवतं.

आता तुमचा बांध. या पावसाळ्यात त्यावर तीन गोष्टी करायच्या नाहीत: तणनाशक मारायचं नाही, पेटवायचा नाही, आणि एकदम सगळा कापायचा नाही. एवढं पाळून आषाढ ते कार्तिक दर पंधरा दिवसांनी एक फेरी मारा आणि वहीत लिहा, कुठे काय उगवलं, कधी फुललं, त्यावर कोण बसलं. नाव माहीत नसेल तर घरातल्या वयस्कर बायकांना विचारा. तण निंदणाऱ्या हातांना प्रत्येक रोपाचं नाव आणि स्वभाव माहीत असतो. माझ्या यादीतली निम्मी नावं मला अशाच मावश्यांनी सांगितली आहेत.

काय दिसेल ते अंदाजाने सांगतो. केना, त्याची छोटी निळी फुलं सकाळीच उघडतात आणि दुपारी मिटतात, माश्या तिथे पराग गोळा करतात. कुंभा, काहीजण त्याला तुंबा म्हणतात, पांढऱ्या ओठासारख्या फुलांचा. त्याच्यावर सातेरी (पेटीत पाळतात ती) आणि फुलोरी (छोटं उघडं पोळं करणारी) दोन्ही मधमाश्या दिवसभर असतात. टाकळा भरपूर असेल. कुर्डू असेल. उन्हाळी असेल, तिच्या जांभळ्या फुलांवर पानं कापून घर करणारी माशी येते. मुरमाड भागात खुळखुळा असेल, वाळला की शेंगा वाजतात तो. एकदांडी तर असतेच. ती परकी आहे, पण इतकी जुनी स्थायिक झाली आहे की तिच्यामागे लागण्यात मी वेळ घालवत नाही. फुलपाखरांना ती आवडते आणि बहुतेक ठिकाणी ती कुणाला दाबत नाही. गाजर गवत मात्र फूल येण्याआधी मुळासकट काढाच.

चौदा वर्षांत जवळपास पन्नास बांधांवर मी हे पाहिलंय. ज्यांनी एक पावसाळा नुसतं तणनाशक थांबवलं, त्यांच्याकडे न पेरता दहा-बारा जातींची फुलं परत आली, कारण बी मातीत होतंच. काळ्या जमिनीत रुंद, जुना, न कोरलेला बांध असेल तर जास्त येतात. बांध दोन्हीकडून कोरून वीतभर उरला असेल तर फार काही येत नाही, आणि तिथे पेरूनही टिकत नाही. तुमचा दीड मीटर आहे, म्हणजे जागा चांगली आहे.

तुमच्या मूळ दुखण्याकडे येतो, गोंडे का भरत नाहीत.

कांद्याचं फूल स्वतःचं काम स्वतः करत नाही. त्याच्या एका फुलात पराग आधी सुटतो, आणि स्त्रीकेसर तयार होईपर्यंत त्या फुलातला पराग संपलेला असतो. म्हणून पराग दुसऱ्या फुलावरून यावाच लागतो, आणि तो आणतात माश्या. तुमच्याकडे हे काम मुख्यतः आग्या मोहोळाच्या माश्या, फुलोरी, थोड्या सातेरी आणि बऱ्याच प्रकारच्या फुलमाश्या (फुलापुढे हवेत तरंगणाऱ्या माश्या, मधमाश्या नव्हेत) करतात. गोंडा दोन-तीन आठवडे फुलत राहतो, तेवढे दिवस त्यांनी रोज यायला हवं. पण कांद्याचा मकरंद माश्यांना फार प्रिय नाही, त्यात पोटॅशियमचं प्रमाण जास्त असतं. त्या उपाशी असतील तर येतात, जवळ दुसरं चांगलं फूल असेल तर तिकडे वळतात.

म्हणजे तुमची शंका रास्त आहे. जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीत, डोंगळे ऐन फुलात असताना, बांधावर मोहरी किंवा कोथिंबीर भरभरून फुललेली असेल, तर काही माश्या तिकडे जातील. माश्या ओढून आणायला मुद्दाम कडेने कोथिंबीर लावावी असं सांगणारेही आहेत, आणि काही ठिकाणी ते जमलंही असेल. माझं मत वेगळं आहे. बांधावरच्या फुलांचं काम डोंगळ्यांच्या आधीचं आहे. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत त्यांनी परिसरातल्या माश्यांना पोसावं, त्यांची पिलावळ वाढू द्यावी, आणि डोंगळे फुलायच्या सुमारास स्वतः संपावं. मग वाढलेल्या माश्यांना जवळचं अन्न कांदाच उरतो. पोळी बांधणाऱ्या माश्या लांबून येऊ शकतात, आग्या तर काही किलोमीटरवरून येतो. पण एकटं घर करणाऱ्या छोट्या माश्या काहीशे मीटरच्या आतच फिरतात. त्या तुमच्या बांधावर वाढल्या तरच तुमच्या डोंगळ्यांवर येतील.

शिवारातली फुलं कधी असतात ते एकदा मांडून पाहू. उन्हाळ्यात झाडं सांभाळतात: पळस, पांगारा, मग कडुलिंब, करंज, जांभूळ. जूनच्या अखेरपासून ऑगस्टपर्यंत पाऊस मकरंद धुऊन काढतो आणि माश्या बाहेरही कमी निघतात. मधपाळांना हा उपासमारीचा काळ ओळखीचा आहे, या दिवसांत पेटीत साखरपाणी ठेवावं लागतं. बाभूळ, हिवर आणि बोरी पावसाळ्याच्या पोटात आणि नंतर फुलतात, म्हणून बांधावरची बोर-बाभळ तोडू नका. पाऊस उघडल्यावर सप्टेंबर ते नोव्हेंबर रान फुलतं, म्हणजे फुलायला हवं. पण तुमच्या भागात त्या वेळी खरीप काढून रान नांगरलेलं असतं, बांध तणनाशकाने जळालेला असतो, आणि द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी होऊन फवारे सुरू झालेले असतात. तुमच्या शिवारातली फुलांची खरी पोकळी ही आहे. जे काही पेराल ते या तीन महिन्यांसाठी पेरा.

द्राक्षाचा विषय निघाला म्हणून इथेच थांबून सांगतो, कारण निफाडमध्ये हे टाळता येणार नाही. तुमच्या पट्ट्याला लागून कुणाची द्राक्षबाग असेल आणि वारा तिकडून इकडे येत असेल, तर त्या बाजूला फुलं पेरू नका. फुलं माश्यांना बोलावणार आणि ब्लोअरचा फवारा त्यांच्यावर पडणार, असं होतं. मी एका ठिकाणी हे पाहिलंय. सुंदर फुललेला कारळ्याचा पट्टा, आणि एका सकाळी त्याखाली मेलेल्या फुलोरी माश्यांचा सडा. पट्टा मी लावला होता, त्यामुळे ती जबाबदारी माझी होती. तेव्हापासून शेजारच्या बागेचं फवारणीचं वेळापत्रक विचारल्याशिवाय मी बी हातात घेत नाही. मधे उंच निरगुडी किंवा अडुळशाचं दाट कुंपण असेल तर फवाऱ्याचा बराच भाग अडतो. निरगुडीच्या फांद्या पावसाळ्यात खोचल्या की लागतात. शेळ्या या दोन्हींना सहसा तोंड लावत नाहीत. निरगुडीवर माश्या पुष्कळ येतात, आणि अडुळसा हिवाळ्यात फुलतो, त्याच्यावर मोठे काळे भुंगे येतात.

तुमच्या स्वतःच्या फवारणीबद्दलही बोलायला हवं. डोंगळे फुलात असताना फुलकिड्यांवर फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड मारत असाल, तर बांधावर कितीही फुलं लावा, उळं वाढणार नाही. दोन्ही औषधं मधमाश्यांना अत्यंत घातक आहेत. फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंडे उघडण्याच्या आधी संपवा. फुलात असताना फवारावंच लागलं तर कृषी विज्ञान केंद्राला विचारून माश्यांना कमी घातक औषध निवडा आणि सूर्य मावळल्यावर, माश्या परत गेल्यावर फवारा. उळं कमी येण्यामागे माझ्या पाहण्यात बहुतेक ठिकाणी हेच कारण निघालं आहे.

आता पेरणी. या वर्षी फक्त असं बी पेरा जे बाजारात साधं मिळतं, ओळखीचं आहे, आणि पळून जाणार नाही. कारळे, म्हणजे खुरासणी. नाशिक-नगर पट्ट्यातलं हे जुनं पीक, आता मागे पडलंय. त्याचं फूलही स्वतःच्या परागाने फळत नाही, माश्यांवरच अवलंबून असतं, आणि म्हणून माश्यांना देण्यासारखं त्याच्याकडे भरपूर असतं. दुसरं तीळ. तिसरा सब्जा. ताग चर पार करून आतल्या बाजूला थोडा चालेल, त्याच्यावर भुंगे येतात, पण तो पुरुषभर वाढतो, म्हणून रस्त्याच्या कडेला नको. बी कृषी सेवा केंद्रातून घ्या. किराणा दुकानातून घेतलंत तर ते भाजलेलं किंवा पॉलिश केलेलं नाही याची खात्री करा, मूठभर ओल्या फडक्यात बांधून चार दिवसांत किती उगवतं ते पाहा.

एकदम चारशे मीटर करू नका. चाळीस मीटर करा. चाळीस गुणिले दीड म्हणजे साठ चौरस मीटर, अर्ध्या गुंठ्याहून थोडं जास्त. चौरस मीटरला तीन ग्रॅमच्या हिशेबाने एकशे ऐंशी ग्रॅम बी पुरतं. त्यात शंभर ग्रॅम कारळे, पन्नास ग्रॅम तीळ, तीस ग्रॅम सब्जा घ्या. बी कमी वाटेल आणि हात सैल सोडावासा वाटेल. सोडू नका. दाट उगवलं तर रोपं बारीक राहतात, कमी फुलतात आणि खालच्या रानरोपांना उजेड मिळत नाही.

धूळपेरणी करू नका. कोरड्या मातीत टाकलेलं बारीक बी मुंग्या दोन दिवसांत वारुळात नेतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मृगाचा पाऊस पडू द्या. तण उगवू द्या. ते दोन पानांवर आलं की उथळ खुरपून काढा, खोल नाही, कारण खोल हलवलं की खालचं आणखी तण वर येतं. मग आर्द्राच्या पावसावर वाफसा आला की पेरा. बी त्याच्या पाचपट बारीक वाळूत मिसळा. वाळूचा रंग मातीवर दिसतो, त्यामुळे कुठे पडलं आणि कुठे राहिलं ते कळतं. मिश्रणाचे दोन भाग करा, एक भाग जाताना टाका, एक येताना. बी पुरू नका. वरून पाय देत चालत जा किंवा फळी दाबा, तेवढं पुरे. कारळे नखभर खाली गेलं तरी येतं, सब्जा नाही येत. आर्द्रात पेरलेले कारळे ऑगस्टअखेर-सप्टेंबरात फुलायला लागतील. ऑक्टोबर-नोव्हेंबरातही फुलं हवी असतील तर निम्मा पट्टा राखून ठेवा आणि तो ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पेरा. माझ्या मते हे दोन टप्पे करणं फार महत्त्वाचं आहे.

खत अजिबात नको. शेणखतही नको. हे ब्रिटनवाल्यांचं सूत्र आपल्याकडेही तंतोतंत लागू पडतं: जमीन जितकी हलकी तितकी फुलं जास्त. पोसलेल्या बांधावर हराळी, लव्हाळा आणि गाजर गवत माजतं आणि बाकीचं दबून जातं. शेताला दिलेलं खत पाण्याबरोबर बांधाच्या पायथ्याशी येतंच, तिथे फुलांपेक्षा मारवेलसारखं चाऱ्याचं गवत राहू द्या. फुलं बांधाच्या माथ्यावर आणि मुरमाड उतारावर घ्या.

रस्त्याच्या बाजूला वेगळी काळजी लागते. साइडपट्टी तुमची नाही, ती रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची, म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद किंवा ग्रामपंचायत. एक साधा अर्ज देऊन पोच घ्या, गट नंबर लिहा आणि काय करणार ते लिहा. पावसाळ्यापूर्वी चर साफ करायला जेसीबी येतो, त्याने सगळं खरवडून नेलं असं माझ्याबाबतीत दोनदा झालं. कागद दिला होता तिथे मुकादमाने येऊन विचारलं तरी. डांबरालगतचा पहिला मीटरभर भाग आखूड गवताचाच ठेवा, कारण चाकांच्या वाऱ्यात माश्या मरतात आणि वळणावर समोरचं दिसायला हवं. फुलं चराच्या पलीकडे.

शेजाऱ्यांच्या कीड वाढण्याच्या शंकेला मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्यात अर्धं तथ्य आहे. पेटारी आणि तिच्या कुळातली तणं भेंडी-कपाशीच्या किडींना आसरा देतात. गाजर गवतात सूर्यफुलाच्या नेक्रोसिस रोगाचा विषाणू स्वतः आजारी न दिसता राहतो आणि फुलकिड्यांच्या अंगावरच्या परागाबरोबर पिकात जातो. म्हणून बांध मोकाट सोडायचा नाही, तिथे काय राहील ते निवडायचं. दुसरी बाजूही शेजाऱ्यांना दाखवा: फुलमाश्यांच्या अळ्या मावा खातात, पण मोठ्या फुलमाशीला पोटाला मकरंद लागतो. बांधावर फूल नसेल तर ती पिकात येऊन अंडी घालेलच असं नाही. श्रावणात एकदा आणि भाद्रपदात एकदा, फक्त गाजर गवत, पेटारी आणि माजलेली कुर्डू काढायला माणूस लावा. कुर्डू फुलपाखरांना चांगली, पण तिचं बारीक बी वाऱ्या-पाण्याने शेतात उतरलं तर बाजरीत निंदणीला जीव नकोसा होतो. ती रस्त्याकडेलाच बरी.

दिवाळीनंतर तुमचं मुख्य काम सुरू होईल, बी गोळा करण्याचं. वहीत लिहिलेल्या जागी कागदी पिशव्या घेऊन जा. कुंभ्याचे गोल गोंडे तपकिरी झाले की उलटे करून झटकायचे. खुळखुळ्याच्या शेंगा वाजायला लागल्या की काढायच्या, उन्हाळीच्या शेंगा पिळ घालून फुटण्याआधी. तरवडाच्या चपट्या शेंगा हिवाळाभर झाडावर असतात, घाई नाही. कोरांटी मिळाली तर अवश्य घ्या. एका जागेवर जेवढं बी असेल त्यातला पाचवा हिस्साच घ्यायचा, बाकीचं त्या जागेचं आहे. आणि आपल्या तालुक्याच्या बाहेर जाऊ नका. कास पठारावरून किंवा कुठल्याही सड्यावरून (कातळी पठारावरून) बी आणायचा विचारसुद्धा नको. तिथली फुलं वीतभर मातीच्या थरावर, साचत्या पाण्यात जगतात, ती तुमच्या काळ्या मातीत जगणार नाहीत आणि तिथलं मात्र कमी होईल.

बी सावलीत आठवडाभर वाळवा, कापडी पिशवीत कडुलिंबाच्या पाल्यात ठेवा, पिशवीवर जागा आणि तारीख लिहा. पुढच्या जूनमध्ये तरवड, खुळखुळा आणि उन्हाळीच्या बियांवर रात्री कढत, पण उकळी नसलेलं पाणी ओता, सकाळपर्यंत तसंच ठेवा. फुगलेलं बी लगेच पेरा. न फुगलेलं खडबडीत दगडावर हलकं घासून पुन्हा भिजवा. तरवड मिश्रणात टाकू नका, त्याचं झुडूप होतं. दर दहा मीटरवर दोन-दोन बिया टोका. तरवडाचं फूल मुद्दाम सांगण्यासारखं आहे. त्यात मकरंद नसतो, आणि पराग बंद नळीसारख्या केसरात असतो, टोकाला फक्त छिद्र. भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला धरून अंग थरथरवते, तेव्हा तो बाहेर सांडतो. मधमाशीला हे जमत नाही. वांगी आणि टोमॅटोच्या फुलांनाही हीच थरथर लागते, त्यामुळे भाजीपाला करणाऱ्या शेजाऱ्यांना हे भुंगे आपल्या कामाचे वाटायला हरकत नाही.

कापणी डिसेंबरअखेर, बी गळल्यावर करा. एका वर्षी अर्धा पट्टा, दुसऱ्या वर्षी उरलेला. जमिनीपासून वीतभर उंचीवर विळा चालवा, बुडखे राहू द्या, पोकळ काड्यांमध्ये छोट्या माश्यांची अंडी असतात. कापलेलं गवत तिथे टाकू नका, गोठ्यात न्या. त्याने जमीन हलकी राहते आणि जनावरांचंही भागतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये बांध पेटवायची सवय गावात असेल तर तुमच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना हातभर पट्टी खरवडून ठेवा. रानमाश्यांतल्या बहुतेक जाती जमिनीत बीळ करून राहतात. म्हणून पट्ट्यात कुठेतरी उताराचा, उन्हाचा, उघडा मुरमाचा तुकडाही ठेवा, तिथे काही पेरू नका.

फरक पडला का ते मोजायची सोपी रीत आहे. सप्टेंबरपासून आठवड्यातून एकदा, उघडीप असताना सकाळी नऊ ते अकराच्या मधे दहा पावलांच्या अंतरात दहा मिनिटं उभं राहायचं. किती आल्या आणि कोणत्या ढोबळ प्रकारच्या, तेवढं लिहायचं: मोठी पोळ्याची, छोटी पोळ्याची, भुंगा, निळ्या पट्ट्यांची, फुलमाशी, फुलपाखरू. तेवढाच वेळ न पेरलेल्या बांधावर उभं राहायचं. फेब्रुवारीत डोंगळ्यांमध्ये बांधापासून पाच पावलांवर, पन्नास पावलांवर आणि शंभर पावलांवर तेच करायचं, आणि त्या तीन जागांचे दहा-दहा गोंडे काढून उळं वेगवेगळं वजन करायचं. पहिल्या वर्षी फार फरक दिसणार नाही. वर्षायू फुलं पहिल्या वर्षी मिरवतात, झुडपं आणि बहुवर्षायू रोपं तिसऱ्या वर्षी बसतात, आणि एकट्या राहणाऱ्या माश्यांची संख्या त्यांच्यामागून हळूहळू वाढते. फेब्रुवारीतल्या डोंगळ्यांसाठी तोवर ओळखीच्या मधपाळाकडून सातेरीच्या पेट्या भाड्याने आणा. गोंड्यांतली दहा टक्के फुलं उघडली की आणा, आधी नाही, नाहीतर माश्या दुसरीकडची वाट धरतात.

राहिली ती विकत घेतलेली पाकिटं. फेकू नका. कॉर्नफ्लॉवर आणि पॉपी दसरा-दिवाळीच्या मधे अंगणातल्या वाफ्यात लावा, पाणी द्या, डोळ्यांना आणि माश्यांना दोघांनाही मिळेल. झिनिया-गेलार्डिया कुंडीत. कॉसमॉसचं बी वेगळं काढता येत असेल तर काढा. ते लांबट, काळपट, सुईसारखं असतं. वेगळं नाही काढता आलं तर अंगणात उगवल्यावर फुलं देवाला वाहा आणि एकही फूल झाडावर वाळू देऊ नका.

गणपतीच्या सुमारास वहीची पानं फोटो काढून पाठवा. काय उगवलं ते पाहून पुढच्या जूनच्या मिश्रणात काय किती घ्यायचं ते तेव्हा ठरवू.